हजार वॅटचं काय करणार?

पत्र: आमचं अठरा बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला आणि श्रावणात रोज संध्याकाळी देवळाशेजारच्या मंडपात भजन असतं. मंडप चाळीस बाय पंचवीस फुटांचा, वर पत्रा, खाली फरशी. पेटी, पखवाज, टाळ आणि पाच माइक. सध्याचा ॲम्प्लिफायर ६० वॅटचा असून पुढच्या खांबाला बांधलेल्या भोंग्याला जोडलेला आहे. मागे बसणाऱ्या म्हणतात, शब्द कळत नाहीत. भिशीतून चाळीस हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो, सरळ १००० वॅटचा सेट न्या. पखवाजाचे काका म्हणतात, जितके वॅट जास्त तितका आवाज गोड. पेटीचे मास्तर म्हणतात, माइकच बंद करा. माझा आवाज मुळात बारीक, माइकवर तो आणखी चिरका येतो. शिवाय एकोच्या बटणावरून दर वेळी वाद होतो तो वेगळाच. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, जि. सातारा

ताई,

मागच्या बायकांचं ऐका. त्या जे म्हणाल्या ते तुम्ही पत्रात नीट लिहिलंत, पण दुकानात गेल्यावर विसरलात. त्यांनी ‘ऐकू येत नाही’ असं म्हटलेलं नाही. ‘शब्द कळत नाहीत’ असं म्हटलंय. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि वॅट हे फक्त पहिल्याचं औषध आहे. पहिलं दुखणं तुम्हाला नाहीच. पत्र्याच्या चाळीस फुटी मंडपात भोंग्याचा आवाज मागे पोचत नाही, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

गोंधळ थोडा आपल्या भाषेचाही आहे. ‘आवाज चढव’ म्हटलं की वरच्या पट्टीत जायचं की जोरात गायचं, हे समोरच्याने ओळखायचं. ‘मोठा आवाज’ म्हणजे कधी जोराचा, कधी भरदार. तुमच्या मास्तरांनी संगीताची परीक्षा दिली असेल, तर नादाची तीन लक्षणं त्यांनी पाठ केली असतील: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जात. परीक्षा संपली की हा धडा कोणी उघडत नाही. मी साउंडच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढली, आणि मला विचाराल तर ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाला एवढा एकच धडा पुरतो.

उंचनीचपणा म्हणजे पट्टी. तुमची पेटी काळी चारची असेल असं धरतो, बायकांच्या मंडळात बहुधा तीच असते. तुमचा मधला सा म्हणजे हवेची सेकंदाला सुमारे २०८ कंपनं. पुरुष काळी एकमध्ये गातात तेव्हा त्यांचा सा १३९ च्या आसपास असतो. कुठलाही ॲम्प्लिफायर, कितीही वॅटचा असो, या आकड्याला हात लावत नाही. तुम्ही बेसूर गायलात तर तो ते बेसूरपण प्रामाणिकपणे मागच्या भिंतीपर्यंत पोचवतो.

लहानमोठेपणा म्हणजे तोच सा हळू की जोरात. आवाजाचं बटण फिरवता तेव्हा बदलतं ते एवढंच.

तिसरी ती जात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पेटीचा सा, तुमच्या गळ्यातला सा आणि तंबोऱ्याचा सा, तिन्ही २०८ चे, तिन्ही सारख्याच जोराचे ठेवले, तरी डोळे मिटून आपण सांगतो की ही पेटी, या ताई, हा तंबोरा. कारण कुठलाही स्वर एकटा येत नाही. २०८ बरोबर ४१६, ६२४, ८३२ अशी वरची पिल्लं घेऊन येतो. कोणतं पिल्लू किती धष्टपुष्ट, यावर त्या आवाजाची जात ठरते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत बसतात आणि एका जागी तार एकदम बोलायला लागते, ती जवारी. धाग्याने तारेची पट्टी बदललेली नसते, जोरही फारसा वाढलेला नसतो. वरची पिल्लं, म्हणजे उपस्वर, जागे झालेले असतात. पखवाजाचंही तसंच. साधं कातडं ताणून वाजवलं तर त्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता धबधब आवाज होतो. मधल्या शाईमुळे ते सुरात बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या तालवाद्यांचं हेच वैशिष्ट्य शास्त्राच्या भाषेत मांडलं होतं. तुमचे काका डाव्या पुडीला कणीक लावतात तेव्हा तेही याच खात्यातलं काम करत असतात, फक्त त्यांनी त्याला कधी भौतिकशास्त्र म्हटलेलं नाही.

आता तुमच्या चिरक्या आवाजाकडे येतो. दोष तुमच्या गळ्याचा नाही. भोंगा हे साधन मधल्या पट्ट्याचं. खालचा खर्ज त्याला झेपत नाही आणि अगदी वरचा नाजूक भागही तो गाळतो. तुमचा २०८ चा मूळ स्वर त्यात जवळजवळ नाहीसाच होतो. तरी तुम्ही सुरात आहात हे ऐकणाऱ्याला कळतं, कारण वरची पिल्लं ऐकून कान आईचा अंदाज बांधतो. पट्टी बरोबर, पण अंग गेलेलं. असा आवाज चिरका लागणारच. हजार वॅट घालून तोच भोंगा वाजवलात, तर तुमचा चिरका आवाज पुढच्या वाडीपर्यंत जाईल.

शब्दांचं दुखणंही जातीचंच आहे. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या नि मधल्या भागात असतात आणि त्यांच्यात जोर असतो. शब्दाला शब्दपण देणारी व्यंजनं, ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’, वरच्या भागात असतात, साधारण दोन हजार कंपनांच्या पुढे, आणि ती फार अशक्त असतात. वरून पत्रा, खालून फरशी, समोरची भिंत, आणि भोंगा नेमका त्या भिंतीवर रोखलेला. आधीच्या अक्षराचा ‘आ’ मंडपात घुमत असतो, तेवढ्यात पुढचं ‘त’ येतं आणि त्याच्याखाली चिरडून जातं. आवाज वाढवलात की घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणून तुम्ही बटण फिरवता, मागच्या बायका कानावर हात ठेवतात, आणि शब्द तरीही कळत नाहीत.

आता वॅटचा हिशेब. आपला कान वॅट मोजत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनी (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) वाढतो, म्हणजे ‘हं, थोडा वाढला’ असं वाटेल इतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. तुमचे ६० आणि दुकानदाराचे १००० यांत जवळपास सतरापटींचा फरक आहे. स्पीकर तोच ठेवला तर कानाला तो सव्वादोन पटींच्या आसपासच वाटेल. दुकानदार हे सांगत नाही. त्याला माहीत नसतं असंही नाही.

दुसरीकडे, खोक्यासारख्या बऱ्या कार्यक्रमी स्पीकरला एक वॅट दिला तर एका मीटरवर साधारण ९५ डेसिबल मिळतात. हा आकडा स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून छापलेला असतो, आणि वॅटच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असूनही कोणी तो वाचत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल उतरतात. तुमची मागची ओळ आठ मीटरवर धरली तर अठरा गेले, राहिले ७७. भिंती आणि पत्रा परत पाठवतात त्याचे चार-पाच, दुसऱ्या स्पीकरचे तीन. झाले ८४ च्या आसपास. शेजारीण नेहमीसारखी बोलते त्याहून हे बरंच जास्त आहे, आणि आपण स्पीकरला अजून एकेकच वॅट दिलाय.

मग बाकीचे वॅट कशाला? उसळीला. गाण्याची पातळी एकसारखी नसते. अभंग सावकाश चाललेला असतो आणि गजराला आवाज एकदम उसळतो. त्या क्षणाला सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जावं लागतं, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. म्हणून एका स्पीकरमागे खरे १०० वॅट. तुमच्या मंडपाला दोन स्पीकर आणि प्रत्येकी १०० ते १५० वॅट भरपूर झाले. यापुढचा पैसा वॅटवर घालू नका.

‘खरे’ म्हणालो ते मुद्दाम. डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा पीएमपीओ नावाचा आकडा, क्षणभराच्या उसळीचा आणि कारखान्याच्या मनाला येईल तसा मोजलेला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘आरएमएस’ शोधा. सतत देता येणारी ताकद म्हणजे ती. आणि ती किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) दिलीय तेही पाहा. चार ओहमला २०० वॅट लिहिलेला ॲम्प्लिफायर आठ ओहमच्या एका स्पीकरला तेवढे देत नाही. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार होतात. ॲम्प्लिफायरवर किमान चार लिहिलं असेल तर तिसरा हौसेने जोडू नका.

वॅट कमी पडले तर काय होतं, हे मी एका लग्नात शिकलो. धंद्यात नवा होतो. दोनशे माणसांना पुरेल एवढं सामान घेऊन सहाशेच्या मांडवात गेलो आणि नवऱ्या मुलाच्या मामांच्या आग्रहाखातर बटण शेवटापर्यंत फिरवलं. ॲम्प्लिफायरची मर्यादा संपली की तो लाटेचे शेंडे सपाट कापायला लागतो. कापलेल्या शेंड्यांतून असे उपस्वर तयार होतात जे गाण्यात नव्हतेच, आणि ते सगळे जाऊन आदळतात स्पीकरमधल्या छोट्या ट्वीटरवर, म्हणजे वरचा बारीक आवाज काढणाऱ्या भागावर. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत माझे दोन्ही ट्वीटर जळाले. म्हणजे काकांच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे की हाताशी शिल्लक ताकद असावी, कापलेला आवाज कडवट लागतो. पण ती शिल्लक १०० वॅटमध्ये मिळते, हजाराचं वावडं नसलं तरी गरजही नाही.

वॅटने गोडवा वाढतो असं काकांना का वाटतं, तेही सांगतो. दोन सारखे आवाज थोड्या वेगळ्या जोरात ऐकवले तर माणसाला जरा मोठा असलेला जास्त भरदार, जास्त गोड वाटतो. दुकानात जो सेट खपवायचा असतो त्याचं बटण दोन रेघा वर असतं. यामागे कानाची जुनी खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये तिचा नकाशा काढला: आवाज लहान असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आणि तीन-चार हजार कंपनांच्या आसपास तो सगळ्यात तिखट असतो. जुन्या घरगुती ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते यासाठीच, हळू आवाजात गेलेला खर्ज भरून द्यायला. लोक ते कायम चालू ठेवायचे, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या मंडपात ही खोड अशी नडत असेल. भजनाआधी कोणीतरी रिकाम्या मंडपात हळू आवाजात ‘हॅलो, हॅलो’ करून बटणं लावतं. आवाज पोकळ वाटतो म्हणून बेस वाढवतं. मग माणसं येतात, आवाज चढतो, आणि तो वाढवलेला बेस सगळ्या व्यंजनांवर बसतो. तेव्हा बटणं लावायची ती प्रत्यक्ष भजनाच्या आवाजात, एकीने पेटीबरोबर गात आणि दुसरीने मागच्या ओळीत उभं राहून. माइकवर बोलणाऱ्या-गाणाऱ्या आवाजाचा बेस मध्यावरून थोडा खालीच ठेवा.

आता मास्तरांचं म्हणणं. ते निम्मे बरोबर आहेत, कदाचित निम्म्याहून जास्त. अठरा बायका झील धरतात, टाळ वाजतात, पखवाज चालू असतो. यातल्या कशालाच त्या मंडपात माइक नको. पाचांतले तीन माइक आजच बंद करा. एक माइक पुढे म्हणणारीला, एक पेटीला, तोही बेताचा. माइक जितके उघडे, तितकी शिट्टीची भीती आणि तितका घोटाळा. प्रत्येक माइक तुमच्या आवाजाबरोबर मंडपातलं घुमणंही गोळा करून परत स्पीकरकडे पाठवत असतो.

आणि माइकच्या जवळ गा. तोंडापासून एक वीत अंतर होतं ते अर्धी वीत केलंत की माइकला सहा डेसिबल जास्त मिळतात. तेवढ्यासाठी ॲम्प्लिफायरचे वॅट चौपट करावे लागले असते, आणि इथे पदराला खार लागत नाही. बारीक आवाजाला आणखी एक फायदा: साध्या एका दिशेच्या माइकजवळ गायलं की खालचा भाग आपोआप भरतो. तुमच्यासारख्या गळ्याला तो चांगला लागतो. फक्त ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर थेट माइकवर जाऊ नये म्हणून तो तोंडाच्या जरा बाजूला धरा.

एकोबद्दल माझं मत कडक आहे आणि काही मंडळं त्यावरून माझ्याशी बोलत नाहीत. तुमच्या पत्र्याने फुकट एको दिलाय. त्यावर यंत्राचा एको म्हणजे आमटीत पाणी घातल्यावर पुन्हा पाणी. बटण शून्यावर न्या. ज्यांना तो हवा असतो, त्यांना खरं तर स्वतःचा आवाज ऐकू येत नसतो, म्हणून आधार वाटतो. स्पीकर गाणाऱ्यांच्या किंचित पुढे, माइकची पाठ स्पीकरकडे राहील असे ठेवा, आणि पहिल्या दोन एकादशा सवय होऊ द्या.

चाळीस हजारांतला मोठा वाटा स्पीकरवर आणि दोन चांगल्या माइकवर घाला. ॲम्प्लिफायर मध्यम चालेल. स्पीकर स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा वर, तोंड किंचित खाली करून मागच्या ओळींकडे वळवा. माणसांच्या अंगावर पडलेला आवाज मुरतो, पत्र्यावर पडलेला उलटा येतो. उरलेल्या पैशात जाड सतरंज्या आणि मागच्या भिंतीला जुने जाड पडदे. खरं सांगू, पडदे आधी लावा आणि एक भजन करून पाहा. दुकानात जायच्या आधीच निम्मी तक्रार संपलेली असेल.

दोन गोष्टी पटकन. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती देवाची प्रचिती नव्हे. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, श्रावणात फरशी ओली असते. दुसरं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा असतो, आणि वस्तीच्या भागात परिसरातल्या आवाजाला दिवसा ५५ तर रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भोंगा गेला आणि दोन स्पीकर आत वळले की शेजाऱ्यांकडून तक्रार येण्याचं कारण बरंचसं जातं.

किती मोठा ठेवायचा, हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण वॅटच्या मागे प्रश्न तोच आहे. मागच्या ओळीत शेजारणीच्या कानाशी न वाकता, जरा जोर लावून बोललेलं कळलं पाहिजे. ओरडावं लागलं तर जास्त झालाय. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलंत तर अंदाज येतो: सरासरी ८० च्या खाली राहिलात तर उत्तम. कामगारांच्या कानांसाठी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोनच तास. तुमच्या मंडळात साठीच्या पुढच्या किती जणी आहेत आणि श्रावणात किती संध्याकाळी, हे तुम्हीच मोजा. टाळ कानाजवळ वाजवणाऱ्यांनी तर विशेष.

दुकानात जाताना पेटी आणि एक टाळेची जोडी बरोबर न्या. रेकॉर्ड केलेलं गाणं लावून देतील, ते ऐकू नका, ते सगळ्याच स्पीकरवर बरं वाजतं. तुम्ही स्वतः माइकवर एक अभंग म्हणा, काकांना दुकानाच्या दारात उभं करा आणि त्यांना विचारा की शेवटचा शब्द कोणता होता. टाळ वाजवून पाहा. टाळ ‘छिन्न’ अशी सुटी वाजली पाहिजे, ‘खस्स’ असा पत्रा वाजता कामा नये. दोन सेट ताडून पाहताना दोन्हींचा जोर सारखा करून घ्या, दुकानदार नाराज झाला तरी.

भोंगा मात्र भंगारात देऊ नका. यात्रेत हरवलेल्या पोराचं नाव पुकारायला, किंवा पाण्याचा टँकर आल्याचं वाडीभर सांगायला, एका माणसाच्या तोंडून आणि उघड्यावर, तो अजूनही तुमच्या नव्या सेटपेक्षा भारी आहे.